भरायचं काम टायमरचं, मोजायचं तुझं

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. निपाणीकडे वेदगंगेच्या काठी तुमची मोटर, भावकीत चार घरांच्या पाळ्या, आणि पाळीचे तास मोजायला तू ब्लू पिल या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर टायमर केला आहेस. त्यावरचा ठोके देणारा क्रिस्टल ८ मेगाहर्ट्झचा, आत नऊपट करून ७२ मेगाहर्ट्झ. सिस्टिक या चिपमधल्या टायमरच्या लोड रजिस्टरमध्ये (आकडा ठेवायच्या खणात) ७२०००, दर मिलिसेकंदाला एक इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हाक, हजार इंटरप्ट झाले की एक सेकंद. त्या हाकेला चालणाऱ्या कोडच्या, म्हणजे हँडलरच्या, पहिल्याच ओळीत तू व्हॅल या चालू मोजणीच्या रजिस्टरमध्ये शून्य लिहितोस, 'काउंटर परत भरायला'. वीज कधी जाईल याचा नेम नाही म्हणून दर मिनिटाला पाळीची उरलेली मिनिटं फ्लॅशमध्ये, वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत, लिहून ठेवतोस. आणि हे घड्याळ दिवसाला सव्वा मिनिट मागे पडतं. "सर, ७२००० चं ७१९९९ केलो तरी फरक पडंना. काउंटर उलटा का मोजतो, शून्यावर आल्यावर त्याला परत कोण भरतं, आणि माझा वेळ जातोय कुठं?"

दिवसाला सव्वा मिनिट म्हणजे महिन्याला साडेसदतीस मिनिटं. आपल्याकडे पाण्याच्या पाळीवरून एवढ्यातल्या एवढ्यात भाऊ-भाऊ बोलायचे थांबतात, त्यामुळे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

कोडला हात लावण्याआधी सव्वा मिनिट या आकड्याकडे नीट बघ. दिवसात ८६४०० सेकंद. त्यातले ७५ गेले, म्हणजे हजारात एकाहून किंचित कमी. आता संशयित तपासू. साधा क्रिस्टल दहा लाखांत वीसने चुकतो असं धरलं तर दिवसाला पावणेदोन सेकंद; तो सुटला. बोर्ड क्रिस्टल सोडून चिपच्या आतल्या ऑसिलेटरवर चालत असता, तर त्याची एक टक्क्याची चूकसुद्धा दिवसाला चौदा मिनिटं झाली असती, तोही सुटला. ७२००० च्या जागी ७१९९९ हवं होतं हे खरंच, पण ती चूक बहात्तर हजारात एक, म्हणजे दिवसाला १.२ सेकंद. तू ती सुधारलीस आणि तुला काही दिसलं नाही, हे बरोबरच झालं. चूक आकड्याने ओळखायची सवय लाव. माझ्याकडे येणारी निम्मी पोरं टायमर बिघडलाय म्हणून बोर्ड बदलून येतात, आणि कॅल्क्युलेटर खिशातच असतो.

आता मूळ यंत्र. सिस्टिक हा एआरएम कंपनीने आपल्या कॉर्टेक्स-एम प्रोसेसरच्या गाभ्यातच दिलेला २४ बिटांचा उलटा काउंटर आहे. त्याच्यात दोन आकडे राहतात. एक व्हॅल, जो क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एकाने कमी होतो. दुसरा लोड, जो काहीच करत नाही, नुसता उभा असतो. व्हॅल एकवरून शून्यावर आला की दोन गोष्टी होतात: कंट्रोल रजिस्टरमधला काउंट-फ्लॅग उठतो, आणि इंटरप्टची परवानगी दिलेली असेल तर सिस्टिकचा इंटरप्ट 'पेंडिंग' म्हणून नोंदला जातो. पुढच्याच ठोक्याला लोडमधला आकडा व्हॅलमध्ये उतरतो आणि मोजणी पुन्हा सुरू. हे उतरवणं सिलिकॉनमधल्या तारा करतात. प्रोसेसर त्या वेळी काय करत होता, झोपला होता का, दुसऱ्या हँडलरमध्ये अडकला होता का, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. इंटरप्ट म्हणजे फक्त निरोप: 'एक फेरी झाली.' फेरी नवीन सुरू करायला तुझी गरज नाही.

जुन्या लग्नांत मुहूर्त बघायला घटिकापात्र ठेवत, ते ऐकून तरी असशील. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका, २४ मिनिटं. बुडालेली वाटी काढायची, पाणी ओतायचं, पुन्हा तरंगत ठेवायची. या काढण्या-ठेवण्यात दहा सेकंद गेले तर दिवसाच्या साठ घटिकांत दहा मिनिटं गेली. वाटीचं भोक अगदी बरोबर होतं. वेळ खाल्ला तो हाताने. आता समज, एक वाटी बुडताच शेजारची आपोआप सुटते, आणि माणसाने फक्त टोला द्यायचा. टोला दोन सेकंद उशिरा पडला तर तो टोला उशिरा पडला एवढंच. पुढची वाटी वेळेवर सुटलेली असते. लोड रजिस्टर ही ती शेजारची वाटी.

मी हा धडा भोंग्यावर शिकलो. आमच्या पिढीचा हात बसला तो ८०५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलरवर. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीला शिफ्टचा भोंगा आपोआप वाजवणारी पेटी करून दिली होती, १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, म्हणजे एक मशीन सायकल बरोबर एक मायक्रोसेकंद. ८०५१ चा टायमर सुलटा मोजतो आणि ६५५३६ ला उलटतो, म्हणून ५० मिलिसेकंदासाठी त्यात १५५३६ भरायचे. सोळा बिटांच्या मोडमध्ये टायमर उलटला की तो शून्यापासून चालायला लागतो, आणि १५५३६ पुन्हा भरणं हे हँडलरचं काम. मी भरत होतो. पण चालू असलेली सूचना संपवून हँडलरमध्ये शिरायचं, टायमर थांबवायचा, दोन बाइट लिहायचे, चालू करायचा, यात दर वेळी दहाएक सायकली जायच्या. पन्नास हजारात दहा. ऐकायला किरकोळ, पण दिवसाला सतरा सेकंद, महिन्याला साडेआठ मिनिटं. सकाळचा आठचा भोंगा आठ-आठला वाजायला लागला तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. सुट्टीचा भोंगाही तेवढाच उशिरा होतोय हे कामगारांच्या लक्षात आलं, तेव्हा पेटी कुणी बनवली याची चौकशी सुरू झाली. मग मी मोड बदलला. ८०५१ मध्ये आठ बिटांचा आपोआप भरणारा मोड आहे: टायमरच्या दोन बाइटांपैकी टीएल मोजतो, टीएच नुसता आकडा धरून बसतो. टीएचमध्ये ६ टाकले, दर २५० मायक्रोसेकंदाला इंटरप्ट, चार हजार झाले की सेकंद. त्या पेटीबद्दल पुन्हा फोन आला नाही.

तुझ्या हँडलरची पहिली ओळ हीच माझी जुनी चूक आहे, नव्या चिपवर. व्हॅलमध्ये कोणताही आकडा लिहिला तरी त्याचं शून्य होतं, काउंट-फ्लॅग खाली बसतो, इंटरप्ट उठत नाही, आणि पुढच्या ठोक्याला लोड नव्याने उतरतो. म्हणजे लोड आपणहून उतरून काउंटर कामाला लागलेला असताना तू त्याला मागे ओढून परत पहिल्यापासून मोजायला लावतोस. तुझ्या चिपमधल्या कॉर्टेक्स-एम३ ला हँडलरमध्ये शिरताना आठ रजिस्टरं स्टॅकवर टाकायला, मेमरीने वाट पाहायला लावली नाही तर, १२ ठोके लागतात. ७२ मेगाहर्ट्झला फ्लॅश वाट पाहायला लावतेच, शिवाय तुझी ओळ पार पडायला दोन-चार सूचना. वीस ते तीस ठोके धर. दर बहात्तर हजारांमागे एवढे गेले की दिवसाला २४ ते ३६ सेकंद होतात. ती ओळ काढून टाक. तिच्या जागी काहीही लिहायचं नाही.

यात एक भेद डोक्यात पक्का बसव, कारण पुढे मोटर ड्राइव्ह वगैरे करशील तेव्हा पावलोपावली लागेल. हँडलर कधी वीस ठोके उशिरा पोचेल, कधी दोनशे. त्याला थरथर म्हण. आपोआप भरणाऱ्या टायमरमध्ये ही थरथर साठत नाही. दर फेरीचा आरंभ हार्डवेअरने ठरवलेला असतो. हाताने भरलेल्या टायमरमध्ये प्रत्येक उशीर पुढच्या फेरीत मिसळतो आणि घड्याळ सरकत जातं. थरथर बहुतेक कामांना चालते. सरकणं पाळीला चालत नाही.

उरलेला वेळ कुठे गेला? फ्लॅशमध्ये. हे जरा सावकाश वाच, कारण यात टायमरचा दोष शून्य आहे आणि तरी टायमरच चुकलाय असं वाटतं. तुझ्या बोर्डवरच्या एसटीएम३२एफ१०३ चिपमध्ये फ्लॅशचं एक पान पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात. तुझा प्रोग्रॅमही त्याच फ्लॅशमध्ये आहे. पुसणं चालू असताना प्रोसेसरला पुढची सूचना वाचता येत नाही, तो जागच्या जागी थांबतो. सिस्टिक मात्र थांबत नाही. तो शून्यावर येतो, लोड भरतो, पुन्हा शून्यावर येतो. वीस, तीस, चाळीस फेऱ्या. पण पेंडिंग हा एकच बिट आहे. त्यात 'आलं होतं' एवढंच लिहिता येतं, 'तीस वेळा आलं होतं' हे लिहायला जागा नाही. प्रोसेसर मोकळा झाला की हँडलर एकदा चालतो, तुझा मिलिसेकंदांचा आकडा एकाने वाढतो, आणि बाकीच्या फेऱ्यांची कुठेच नोंद राहत नाही. दर मिनिटाला असे वीस ते चाळीस मिलिसेकंद, दिवसाची १४४० मिनिटं: अर्ध्या मिनिटापासून जवळजवळ एका मिनिटापर्यंत. व्हॅल शून्य करणाऱ्या ओळीचे २४ ते ३६ सेकंद यात मिळव आणि तुझ्या सव्वा मिनिटाशी ताडून बघ.

त्याहून वाईट बातमी पुढे आहे. या चिपच्या फ्लॅशला पान पुसण्याची हमी दहा हजार वेळांची. तू दिवसाला १४४० वेळा पुसतोस. म्हणजे सातव्या दिवशी तू हमीच्या बाहेर. पान त्याच दिवशी मरेल असं नाही, पण ऐन उन्हाळ्यात, ऊस वाळायला लागलेला असताना मरेल, हे माझा अनुभव सांगतो.

हीच गत इंटरप्ट बराच वेळ बंद ठेवल्याने होते, आणि हँडलरमध्येच डिस्प्ले चालवल्यानेही. सोळा बाय दोनच्या साध्या एलसीडीला पडदा पुसायची आज्ञा पार पाडायला दीड मिलिसेकंद लागतं. तुझी फेरी एक मिलिसेकंदाची. हँडलरमध्ये बसून त्याची वाट पाहिलीस तर गणित तिथेच संपलं. हँडलरमध्ये आकडा एकाने वाढव, फार तर एक खूण उभी कर, आणि बाहेर पड. बाकी सगळं मुख्य लूपमध्ये. तो आकडा कोडमध्ये व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतून नव्याने वाचायचा) केलेला असू दे, नाहीतर कंपायलरचं ऑप्टिमायझेशन चढवलं की मुख्य लूप जुनाच आकडा बघत बसेल. ३२ बिटांचा मिलिसेकंदांचा आकडा ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो, तेव्हा 'आता हा आकडा त्याहून मोठा आहे का' असं न विचारता 'आताचा वजा सुरुवातीचा' ही वजाबाकी बिनचिन्ही आकड्यांत करून तपास. आकडा उलटून शून्यावर आल्यावरही वजाबाकी बरोबर उत्तर देते.

आता तुझा उलट मोजण्याचा प्रश्न. सुलटा मोजणारा काउंटर ठरावीक आकड्यावर थांबवायचा तर दर ठोक्याला त्याचा एकेक बिट दुसऱ्या रजिस्टरशी ताडून पाहावा लागतो, किंवा ८०५१ सारखं ६५५३६ मधून वजा करून भरावं लागतं. उलट्यात शेवट नेहमी शून्यच, आणि सगळे बिट शून्य आहेत का हे ओळखायला अगदी साधं सर्किट पुरतं. पण मला स्वतःला उलटा काउंटर आवडतो तो दुसऱ्या कारणाने. चालू असताना फेरी लहान करायची असेल तर लोडमध्ये नवा आकडा लिहून मोकळं व्हायचं. चालू फेरी जुन्या हिशेबाने संपते, पुढची नव्याने. सुलट्या काउंटरमध्ये तू वरची हद्द एकदम खाली आणलीस आणि काउंटर ती ओलांडून गेलेला असेल, तर गाठ चुकते आणि तो पार टोकापर्यंत जाऊन वळून येतो. मधे एखादी फेरी भलतीच लांब होते. महिन्यातून एकदा होणारी अशी चूक शोधायला मी दोन रविवार घालवले आहेत.

वजा एकचं कारणही यातच आहे. लोडमध्ये ७१९९९ असेल तर व्हॅल ७१९९९ पासून शून्यापर्यंत सगळे आकडे घेतो, आणि शून्य हाही एक ठोका खातो, मिळून ७२०००. शेतात शंभर फुटांना दर दहा फुटांवर खांब लावले की अकरा लागतात, तसलाच हिशेब. पण 'नेहमी एक वजा करायचा' असं पाठ करू नकोस. पहिल्या आयबीएम पीसीत, १९८१ साली, इंटेलचा ८२५३ हा सोळा बिटांचा उलटा टायमर होता; त्याच्यात जेवढे ठोके हवेत तेवढाच आकडा लिहायचा, आणि शून्य लिहिलं तर तो ६५५३६ धरतो. त्या शून्यामुळेच पीसीचा टिक सेकंदाला १८.२ वेळा पडायचा. सिस्टिकच्या लोडमध्ये शून्य लिहिलंस तर टायमर थांबतो. आणि एआरएमच्या सीएमसिस या तयार कोडमधलं सिस्टिक-कॉन्फिग नावाचं फंक्शन वापरणार असशील तर ते स्वतःच एक वजा करतं. त्याला ७२००० च दे.

सुरू करायचा क्रम: आधी लोड, मग व्हॅलमध्ये काहीही लिहून ते शून्य करणं, मग कंट्रोलमध्ये ७. या सातात तीन बिट आहेत: टायमर चालू, इंटरप्ट चालू, आणि क्लॉक थेट प्रोसेसरचा. व्हॅल शून्य करायची तुझी ओळ इथे, एकदाच, हक्काने येते. रिसेटनंतर व्हॅलमध्ये काय असेल त्याचा भरवसा नसतो, आणि ते साफ केलं नाही तर पहिली फेरी २४ बिट संपेपर्यंत, म्हणजे ७२ मेगाहर्ट्झला २३३ मिलिसेकंदांपर्यंत, लांबू शकते. एका फेरीची कमाल मर्यादाही तीच, म्हणून या क्लॉकवर अख्खा सेकंद सिस्टिककडून एका दमात मोजून घेता येत नाही.

डीबगरचं एक सांगून ठेवतो, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. ब्रेकपॉइंटवर प्रोसेसर थांबला की सिस्टिकही थांबतो. त्यामुळे ब्रेकपॉइंट टाकून वेळेची चूक शोधायला गेलास तर घड्याळ आणि घड्याळजी दोघेही एकदम झोपतात, आणि सगळं बरोबर दिसतं.

पाळीसाठी मात्र मी तुझ्या जागी असतो तर सिस्टिकवर विसंबलोच नसतो. तो मिलिसेकंदाच्या कामांना ठेव: बटणाची थरथर गाळणं, रिले सोडण्याआधी थोडं थांबणं. तुझ्या बोर्डवर ३२.७६८ किलोहर्ट्झचा तो बारीक नळीसारखा क्रिस्टल आहे, तो आरटीसीचा, चिपमधल्या वेगळ्या घड्याळाचा. आरटीसीच्या पोटातही असाच उलटा मोजणारा भाजक आहे. पीआरएल या त्या भाजकाच्या रजिस्टरमध्ये ३२७६७ टाक, पुन्हा तेच वजा एक, की दर सेकंदाला एक टिक आणि तो मोजणारा ३२ बिटांचा काउंटरही हार्डवेअरचाच. व्हीबॅट या बॅटरीच्या पिनला तीन व्होल्टचा बटण सेल जोडलास की थ्री-फेज येवो वा जावो, तो चालत राहतो. फ्लॅशने प्रोसेसर अडवला, हँडलर चुकला, तरी त्याला फरक पडत नाही, कारण मोजायलाही तू लागत नाहीस. पाळीची माहिती फ्लॅशऐवजी बॅकअप रजिस्टरांत ठेव. सोळा बिटांची दहा आहेत. पाळी कुणाची आणि सुरू केव्हा झाली, एवढ्याला तीन पुरतात. ती त्याच सेलवर टिकतात आणि झिजत नाहीत.

आणि एक प्रयोग करून बघ, यात उलट्या काउंटरची खरी मजा आहे. हँडलरमधली ती शून्य करणारी ओळ काढलीस की तिच्या जागी व्हॅल नुसतं वाचून एका व्हेरिएबलमध्ये ठेव. ७१९९९ मधून ते वजा कर: लोड उतरल्यापासून हँडलर किती ठोके उशिरा पोचला, ते सरळ हातात येतं. आजवरचा सर्वांत मोठा उशीर जपून ठेव आणि बोर्ड रात्रभर चालू दे, मोटर दोन-चारदा चालू-बंद होईल असं बघ. सकाळी आकडा वीस-तीसच्या आसपास असेल तर ठीक. तो हजारांत असेल तर कुणीतरी इंटरप्ट बंद करून बसतंय किंवा दुसरा हँडलर लांबतोय. तेव्हा तो आकडा आणि बाकीच्या हँडलरांची यादी मला पाठव.